रोवळीला भोकं कशाला? बालवर्गासाठी चार आठवड्यांची आखणी

पुण्यातल्या बहुतेक बालवर्गांच्या फळ्यावर आठवड्याचा विषय लिहिलेला असतो. हा आठवडा फळांचा, पुढचा वाहनांचा, त्यापुढचा 'आपले मदतनीस'. फळांच्या आठवड्यात आंबा रंगवायचा, फळांचं गाणं म्हणायचं, तीन सफरचंदं मोजायची आणि शुक्रवारी फ्रूट सॅलड करायचं. भाषा, गणित, कला, विज्ञान अशा चौकटी भरल्या जातात आणि आराखडा पूर्ण दिसतो. पण सफरचंदांऐवजी तीन मोटारी मोजल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं. मोजण्याचा आणि फळांचा संबंध एवढाच, की दोन्ही एकाच आठवड्यात आले. मुलाला शोधायला काही उरलं नाही, कारण शोधण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं.

फळं, वाहनं, पाऊस, दिवाळी हे विषय आहेत. बदल, कारण, रूप, काम, संबंध या संकल्पना. विषय आठवड्यानं संपतो. संकल्पना एका विषयातून दुसऱ्या विषयात जाते. 'बदल' आंब्याच्या कैरीतही सापडतो, भिजलेल्या मातीतही आणि तोकड्या झालेल्या फ्रॉकमध्येही. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेच्या प्राथमिक कार्यक्रमात अशा सात मुख्य संकल्पना दिल्या आहेत: रूप, कार्य, कारण, बदल, संबंध, दृष्टिकोन आणि जबाबदारी. आपली शाळा आयबीची असो वा नसो, ही यादी हाताशी ठेवायला चांगली आहे. मात्र चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी एका वेळी यातल्या दोनच घ्याव्यात. 'दृष्टिकोन' या वयाला सगळ्यात जड जातो. दुसऱ्याला वेगळं दिसत असेल हे मुलाला हळूहळू उमगतं आणि त्यासाठी चार आठवडे पुरत नाहीत.

इथे एकच आखणी तपशीलवार मांडली आहे. वयोगट चार ते पाच, म्हणजे छोटा शिशु. मुलं चोवीस, ताई दोन, मावशी एक. विषय आहे भांडी. संकल्पना दोन: रूप आणि काम.

भांडीच का

भांडं मुलाच्या हाताला माहीत असतं. चॉकलेट आणि खेळणी सोडली तर चार वर्षांच्या मुलानं सगळ्यात जास्त हाताळलेली वस्तू वाटी असेल. शिवाय भांड्याचा आकार आणि त्याचं काम यांचा संबंध डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि चुकला की सांडतो. संकल्पना निवडताना हीच कसोटी लावावी: मुलानं चुकीचा अंदाज केला, तर ते चुकलं हे वस्तूच त्याला सांगेल का? की ताईला सांगावं लागेल? 'आपले मदतनीस' या कसोटीला उतरत नाही. पोस्टमन काय करतो याबद्दल मुलाचा अंदाज चुकला, तर ते कळायला ताईच लागते. तांब्या मात्र स्वतःच बोलतो.

दुसरं कारण भाषेचं. तांब्या, गडू, लोटी, फुलपात्र, पंचपात्र, तपेली, पातेलं, कळशी, घागर, हंडा, रांजण, सुरई, बरणी, परात, ताटली, ओगराळं, पळी, झारा, चाळणी, रोवळी, सूप, दुरडी, परडी. इतकी नावं आहेत याचं कारण प्रत्येकाचा आकार वेगळा आणि काम वेगळं. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात ही आखणी करायची असेल, तर हे चार आठवडे नावं मराठीतच ठेवा. घागर, कळशी आणि गडू या तिन्हींना एकच इंग्रजी शब्द दिला की ज्या फरकाचा शोध घ्यायचा तो फरकच पुसला जातो. घरी हिंदी बोलणारं मूल 'लोटा' म्हणेल, कानडी बोलणारं 'चंबू' म्हणेल. तेही तक्त्यावर लिहा. (चंबू पुढे विज्ञानाच्या प्रयोगशाळेत भेटतो आणि त्याच्या शेजारी चंचुपात्र. चोचीसारखं तोंड आहे म्हणून चंचुपात्र. आकारावरून नाव पाडायची ही रीत मोठ्यांनाही विसरायला होते.)

एक वाक्य, ते नीट घडवा

आखणीचा सगळा भार एका मध्यवर्ती वाक्यावर असतो. ते मुलांसाठी नसतं. ते भिंतीवर लावायचं नाही आणि पाठ तर मुळीच करून घ्यायचं नाही. ते ताईंच्या डोक्यात राहायचं. या आखणीचं वाक्य असं: भांड्याचा आकार आणि ते कशाचं केलंय, यावरून ते कोणत्या कामाला येईल हे ठरतं.

पहिल्या प्रयत्नात सहसा असं वाक्य येत नाही. येतं ते 'भांडी आपल्याला उपयोगी पडतात' असं. यात शोधण्यासारखं काही नाही, कारण कोणीच नाही म्हणणार नाही. किंवा येतं 'आपण भांडी स्वच्छ ठेवावीत'. ही शिकवण झाली. ती द्यायला चार आठवडे लागत नाहीत. चांगल्या वाक्याची खूण अशी, की त्यातून लगेच दोन-तीन 'कसं?' फुटतात. वरच्या वाक्यातून तीन वाटा निघतात: आकाराचा कामाशी संबंध, कशाचं केलंय याचा कामाशी संबंध, आणि हे करणारी माणसं. तीनच ठेवा. चौथी वाट, म्हणजे 'जुन्या काळची भांडी', हमखास सुचते. ती चार वर्षांच्या मुलासाठी पोकळ आहे. कालच्या आणि आजीच्या लहानपणातलं अंतर त्याला अजून मोजता येत नाही.

मग शाळेचे विषय, म्हणजे भाषा, गणित, कला वगैरे, जोडायचे. इथे बहुतेक आखण्या सैल होतात, कारण सगळ्या चौकटी भरायच्या असतात. प्रत्येक विषयाला एकच प्रश्न विचारा: हा काढून टाकला तर मध्यवर्ती वाक्य लंगडं पडेल का? मापनाचं गणित काढलं तर पडेल, कारण किती मावतं हे कळल्याशिवाय आकार कळत नाही. नावांची भाषा, मातीकाम, पदार्थांचं विज्ञान, कारागिराला भेटणं, हेही काढता येत नाही. आवाजाचं संगीत जेमतेम टिकतं: पितळ, स्टील आणि माती वेगवेगळी वाजतात, म्हणून 'कशाचं केलंय' यात ते बसतं. अक्षरओळखीचा 'भ' भांड्याचा? तो नेहमीच्या तासाला घ्या, इथे कोंबू नका. त्या महिन्यातलं शारीरिक शिक्षणही वेगळं चालू द्या. पाच विषय खरे जोडलेले असणं पुरेसं आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर, २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तो तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात पंचादी, म्हणजे शिकवण्याच्या पाच पायऱ्या, दिली आहे: अदिती (ओळख), बोध (समजून घेणं), अभ्यास (सराव), प्रयोग (वापरून बघणं), प्रसार (दुसऱ्यांपर्यंत नेणं). काही ठिकाणी रोजच्या तासाचे पाच तुकडे पाडून प्रत्येकाला दहा मिनिटं देतात. तसं केलं की अभ्यासाला हात लागेपर्यंत वेळ संपतो. पंचादी चार आठवड्यांवर पसरा: अदिती आणि बोध पहिल्या आठवड्यात, अभ्यास दुसऱ्या-तिसऱ्यात, प्रयोग आणि प्रसार चौथ्यात.

वेळ: संक्रांतीनंतरचा सोमवार

संक्रांत चौदा-पंधरा जानेवारीला येते आणि घरोघरी सुगडं आलेली असतात. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचं वाण चालू असतं, त्यात वाट्या, डबे, गाळण्या लुटल्या जातात. म्हणजे या दिवसांत मुलाच्या घरात नवी भांडी येताना दिसतात. विषय वर्गाबाहेर चालू असला की अर्धं काम झालेलं असतं. सुगडं घरून मागवू नका. सगळ्या घरांत संक्रांत नसते, आणि पूजेतलं सुगड शाळेत द्यायला कोणी नाखूश असू शकतं. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून किंवा मंडईबाहेरच्या विक्रेत्यांकडून शाळेनंच सोळा आणावीत. बारा वापरायला, चार फुटायला.

जानेवारीची अडचण म्हणजे थंडी. सकाळी नऊला पाण्यात हात घालायला लावले तर मुलं दोन मिनिटांत मागे सरतात आणि ताईंना वाटतं रस आला नाही. पाण्याचं काम अकराच्या उन्हात ठेवा, पाणी कोमट घ्या, बाह्या कोपरापर्यंत वर करून रबर लावा. जमिनीवर गोणपाट अंथरा. प्लॅस्टिकची चादर अंथरली की पाय घसरतो.

चार आठवड्यांचे वीस दिवस. त्यातले तेराच तपशिलात आखा. चार शुक्रवार मुलांच्या प्रश्नांसाठी मोकळे. दोन दिवस भेटीचे. एक दिवस कशासाठीच नाही. तो कधीतरी लागतोच. रोजचा वेळ पन्नास मिनिटं: पाच गोल करून बोलायला, तीस काम, पंधरा पुन्हा गोल. शेवटची पंधरा मिनिटं कापायचा मोह होतो, कारण आवराआवर असते. कापायचीच तर सुरुवातीची पाच कापा. हातानं केलेलं तोंडानं सांगितलं जातं ते शेवटच्या गोलात.

साहित्य

तीस भांडी लागतील आणि ती खरी हवीत. तुळशीबागेत भातुकलीचे सुंदर संच मिळतात, पण ते इथे नकोत. भातुकलीच्या कळशीला वजन नाही, तिच्यातून सांडलेलं दिसत नाही, तिच्यात मावतं ते मोजता येत नाही. सहा वाट्या (तीन मोठ्या साधारण दीडशे मिलिलिटरच्या, तीन लहान शंभरच्या), चार पेले, दोन तांबे, एक पितळी गडू, एक फुलपात्र, एक तपेली, दोन ताटल्या, एक परात, एक किटली, दोन गाळण्या, एक चाळणी, एक रोवळी, एक सूप, एक दुरडी, एक पळी, एक झारा, दोन झाकणाचे डबे, एक प्लॅस्टिकची बरणी. काच नको. कडा हातानं फिरवून पाहा. स्वस्त स्टीलच्या ताटलीची कड बोट कापते.

घरून एकेक भांडं आणायला सांगायचं असेल तर चिठ्ठीत शब्द जपून वापरा: 'रोज वापरातलं कोणतंही एक, प्लॅस्टिकचं चालेल.' 'जुनं पितळी भांडं असल्यास पाठवा' असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी कोणाच्या घरी काय आहे याचं प्रदर्शन होतं. चिकटपट्टीवर नाव लावा आणि त्याच दिवशी परत पाठवा, त्याशिवाय घरी स्वयंपाक अडतो.

पाण्यासाठी दहा लिटरचे दोन टब, प्रत्येकी अर्धेच भरलेले. कोरडं ओतायला वाळू किंवा चिंचोके. तांदूळ-डाळीशी खेळणं अनेक घरांत आवडत नाही, आणि ते बरोबरही आहे. चिंचोके एक किलो घ्या, त्या जागेवर एक मोठं माणूस सतत हवं, आणि तीन वर्षांच्या गटाला ते देऊच नका, कारण वस्तू तोंडात जाते. गुंजा तर कोणत्याही वयाला नकोत. दिसायला सुंदर म्हणून त्या हस्तकलेच्या सामानात मिळतात, पण गुंजेचं बी विषारी आहे.

शाडू साधारण पाच किलो कोरडी, आदल्या रात्री भिजवून सकाळी मळलेली. मुलामागे टेनिस चेंडूएवढा गोळा पुरतो.

तयार, विकतचं 'शैक्षणिक साहित्य' या यादीत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, मग कोसबाडला बालवाडी उभी केली ती शंख-शिंपले, पानं, खडे, बिया असल्या आसपासच्या वस्तूंवर. ही वाट मराठीत जुनीच आहे.

पहिला आठवडा: सांडू द्या

पहिल्या दिवशी तीसही भांडी चादरीवर मांडा आणि काही बोलू नका. वीस मिनिटं. मुलं डोक्यावर घालतील, वाजवतील, एकात एक बसवतील. एकात एक बसवणं म्हणजे आकाराचाच अभ्यास. त्याला 'आता मस्ती पुरे' म्हणून थांबवू नका. ताईंनी फक्त लिहायचं: कोण काय करतंय, कोण काय म्हणालं. जसंच्या तसं, शुद्ध न करता.

दुसऱ्या दिवशी चित्र. 'पावसाचं पाणी साठवायचंय, तर भांडं कसं हवं? काढ.' त्यावर काही सांगू नका, तारीख घालून जपून ठेवा. हेच काम शेवटच्या आठवड्यात पुन्हा द्यायचं आहे.

तिसऱ्या दिवशी खरा खेळ. एका टोकाला पाण्याचा टब, दहा फुटांवर कुंडी. पाणी न्यायचं. पण प्रत्येक गटाला भांडी अशी द्या, की दोन कामाची आणि दोन बिनकामाची: तांब्या, वाटी, चाळणी, ताटली. चाळणीवालं मूल धावत जातं, पोचतं तेव्हा रिकामं. मग ते हात खाली धरतं, किंवा आणखी जोरात धावतं. दोन्ही उपाय छान आहेत; वेळ द्या. ताटलीवालं मूल हळू चालायला शिकतं. कड उंच असण्याचं काम काय, हे त्याच्या पायांना कळलेलं असतं, तोंडानं सांगायला आणखी आठवडा लागेल. इथे चूक होते ती एकच. 'बघा, चाळणीला भोकं आहेत ना, म्हणून पाणी गळतं' असं ताई सांगून टाकतात. त्या क्षणी आखणी संपते. मुलं मान डोलावतात आणि पुढचे सतरा दिवस ताईंच्या तोंडाकडे बघत राहतात.

चौथ्या दिवशी उलटं करा. टबात पाणी आणि चिंचोके एकत्र घाला आणि फक्त चिंचोके बाहेर काढायला सांगा. आता तांब्या बिनकामाचा, रोवळी आणि झारा राजा. काल ज्या भोकांनी घात केला तीच आज काम करतात. या दोन दिवसांच्या मधे दुसरं काही घालू नका. हा विरोध एका रात्रीच्या अंतरावर असेल तरच लागतो.

दुसरा आठवडा: कशाचं केलंय

शाडूची वाटी करायला लावा: गोळा तळहातावर, अंगठा मधे, गोल फिरवत बाजू चिमटीनं वर. बाजू मोठ्या माणसाच्या करंगळीएवढी जाड राहावी; पातळ झाली की वाळताना तडकते. पहिली रात्र ओलसर फडक्याखाली, मग तीन दिवस सावलीत. पुण्याच्या जानेवारीची हवा कोरडी असते, उन्हात ठेवलं तर दुपारपर्यंत भेगा पडतात. रंगवू नका. रंगवलं की भांड्याची शोभेची वस्तू होते आणि तिच्यात पाणी घालायला मूल तयार होत नाही.

मग वाळलेली कच्ची वाटी आणि भाजलेलं सुगड, दोन्हींत पाणी घाला. कच्ची वाटी थोड्या वेळात मऊ पडून ढासळते. सुगड टिकतं. यासाठी ताईंनी केलेल्या चार जादा वाट्या वापरा, मुलांच्या नव्हे. स्वतःची वाटी डोळ्यांदेखत विरघळली की मूल रडतं, आणि रडणारं मूल बघत नाही. नंतर कोणी स्वतःहून आपल्या वाटीत पाणी घालायचं म्हणालं तर जरूर घालू द्या.

सुगड कोरड्या फडक्यावर पाणी भरून रात्रभर ठेवा, शेजारी तितकंच पाणी घातलेली स्टीलची वाटी. सकाळी सुगडाखालचं फडकं ओलसर असतं. 'फुटलंय' असं बहुतेक मुलं म्हणतील. त्यांना भोक शोधू द्या. भोक न दिसताही पाणी पाझरतं हे चार वर्षांना पचायला जड आहे, आणि इथे छिद्रं, बाष्पीभवन असं काही समजावायची गरज नाही. 'ओलं आहे, भोक दिसत नाही' इथपर्यंत मूल पोचलं तर खूप झालं. उन्हाळ्यात माठ येईल तेव्हा हे फडकं आठवेल.

मोजणं: इथे सगळ्यात जास्त गडबड होते

उंच, अरुंद पेला आणि बसकं, रुंद पातेलं. कोणात जास्त मावतं? चार-पाच वर्षांचं मूल उंच पेल्याकडे बोट दाखवतं. त्याच्या डोळ्यांदेखत एकातलं पाणी दुसऱ्यात ओतलं तरी ते मत बदलत नाही, कारण पाणी 'वर आलं' हे त्याला दिसतंय. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेनं हे दाखवून दिलं आणि कोणत्याही बालवर्गात ते आजही तसंच दिसतं. हे वय सरता सरता बदलतं, समजावून बदलत नाही. म्हणून 'बघा, सारखंच आहे!' हे वाक्य टाळा. मुलं ते पाठ करतात आणि मनात पेलाच मोठा राहतो. त्याऐवजी अंदाज घ्या, ओतू द्या, मोजू द्या, अंदाज आणि मोजणी शेजारी लिहा. पटो वा न पटो.

मोजायला वाटी. एक वाटी ओतली की ताटलीत एक चिंचोका टाकायचा. मोजताना हात आणि तोंड यांचा ताळ चुकतो, चिंचोका चुकत नाही. भांडी अशी निवडा की दहा वाट्यांच्या आत भरतील. लिटरभराचा तांब्या मोठ्या वाटीनं सहा-सात वाट्यांत भरतो. हंडा मोजायला काढलात तर अकरानंतर नुसता गोंगाट उरतो. वाटी काठोकाठ भरायची की थोडी कमी, यावर भांडण होतं. ते होऊ द्या. 'काठापर्यंत' हा नियम मुलांनीच केला तर पुढे तेच पाळतात.

तिसऱ्या आठवड्यात दोन गटांना मुद्दाम वेगळ्या मापाच्या वाट्या द्या. एका गटाचे सात चिंचोके, दुसऱ्याचे दहा. तांब्या तोच. आता गप्प बसा. शंभर तक्त्यांपेक्षा ही पाच मिनिटं मोलाची आहेत. वर्गातलं एखादं मूल वाट्या शेजारी ठेवून बघतं. कोणीच बघितलं नाही तर दोन्ही वाट्या चादरीच्या मधोमध ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. सांगू नका.

प्रश्न लिहायचे कसे

या वयात प्रश्न प्रश्नचिन्ह घेऊन येत नाहीत. तक्रार म्हणून येतात ('हे बसतच नाहीये'), कृती म्हणून येतात (किटलीच्या चोचीत बोट), कधी नुसत्या विधानातून. ताईंनी त्यांचा प्रश्न करायचा, मुलाला विचारून: 'तुला हे बघायचंय का, की चोचीतून आत पाणी घालता येतं?' मग तीन रांगा: करून बघण्याचे, कोणालातरी विचारण्याचे, आणि नुसते जपून ठेवण्याचे. शुक्रवारी पहिल्या रांगेतले दोन घ्या. चार घेतले तर एकही पुरा होत नाही.

स्वतः विचारताना 'का' कमी वापरा. 'सूप असं का आहे?' म्हटलं की चार वर्षांचं मूल परीक्षेला बसल्यासारखं होतं आणि 'कारण ते सूप आहे' म्हणतं. 'सुपात पाणी घातलं तर काय होईल?' यावर ते उठतं.

भांडं आणि त्याचा उपयोग यांच्या जोड्या लावायचा छापील कागद या महिन्यात वर्गात येऊ देऊ नका. त्यात तांब्याचं एकच काम असतं. मुलाच्या लेखी तांब्या पाणी पिण्याचा, कणकेचा गोल कापण्याचा, वाळूचा किल्ला पाडण्याचा आणि घंटेचा असतो, आणि यातलं प्रत्येक काम त्याच्या आकारामुळेच होतं.

आळीत जाणं

पुण्याला हे भाग्य आहे की भांडी घडवणारी माणसं शहराच्या पोटात आहेत: कसब्यात तांबट आळी आणि कुंभारवाडा, शिवाय बुरूड आळी. तिन्ही करू नका, एक निवडा. मातीकाम वर्गात झालेलं असेल तर तांबट आळी बरी. दोन दिवस, दरवेळी बारा मुलं, तीन मुलांमागे एक मोठं माणूस: एक ताई आणि तीन पालक. थांबायचं पंचवीस मिनिटं. ठोकण्याचा आवाज जोरात असतो, काही मुलं बिचकतात. आदल्या दिवशी वर्गात पातेल्यावर ठोकून दाखवा आणि कानावर हात ठेवणं चालतं हे सांगा. एका ताईंनी आधी दोनदा जाऊन कारागिराशी बोलून यावं. विनंती नेमकी हवी: साधा पत्रा, अर्धवट भांडं आणि पुरं झालेलं भांडं अशा तीनच गोष्टी दाखवा. मठारकामाच्या खुणांवरून मुलांना हात फिरवू द्या. त्या ठोक्यांनी नुसती चकाकी येत नाही, पत्रा टणकही होतो. कारागिराच्या वेळेचे पैसे द्या. त्याचा धंद्याचा अर्धा तास जातो.

वर्गात त्याच्याबद्दल बोलताना 'तांबट लोक', 'कुंभार लोक' असं म्हणू नका. 'तांब्याची भांडी घडवणारे काका' म्हणा. ही आडनावं वर्गातही असतात.

कल्हईवाले शाळेच्या अंगणात यायला तयार असतील तर त्याहून सरस काही नाही. तांब्या-पितळेत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथलाचा थर देतात. भांडं तापतं, नवसागर पडतो, धूर उठतो, कथील फिरतं आणि काळपट पोट पांढरं लख्ख होतं, बघता बघता. मुलं तीन मीटर लांब, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसलेल्या कारागिराच्या मागच्या अंगाला; नवसागराचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. दम्याचं मूल असेल तर ते खिडकीतून बघेल. बंद जागेत हे मुळीच करू नका.

नोंदी

चोवीस मुलांचं रोज सगळं लिहायला गेलं की तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. रोज चार मुलं ठरवून घ्या. भेटीचे दोन दिवस सोडले तर अठरा दिवसांत बहात्तर नोंदी होतात, म्हणजे प्रत्येक मुलाच्या तीन. नोंद दोन ओळींची: काय केलं, काय म्हणालं. 'छान सहभाग घेतला' ही नोंद नव्हे. 'गाळणीच्या तळाला हात लावला, मग म्हणाली, हात म्हणजे झाकण' ही नोंद.

चौथ्या आठवड्यात पावसाच्या पाण्याचं भांडं पुन्हा काढायला द्या आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. तोंड रुंद झालंय का, कड उंच झालीय का, तळाला काही लिहायला सांगतंय का ('हे स्टीलचं'). पालकांना हीच जोडी दाखवा. सजवलेल्या हस्तकलेचं टेबल मांडायला दोन दिवस जातात आणि त्यातली निम्मी ताईंच्या हातची असते.

तीन वर्षांच्या गटाला हीच आखणी दोन आठवड्यांची करा, फक्त आकाराची वाट, पाण्याचे आणि चिंचोक्यांचे दोन खेळ भरपूर वेळा. मोठ्या शिशूंना मोजणीचा चित्रतक्ता आणि वाट्यांच्या वादाचा निकाल स्वतः लावायचं काम वाढवा.

संकल्पना रुजली का, हे भांड्यांवर तपासता येत नाही, कारण भांड्यांबद्दल महिनाभर बोलणं झालेलं असतं. शेवटच्या दोन दिवसांत भांडं नसलेल्या तीन वस्तू आणा: छत्री, चप्पल, कापडी पिशवी. एकेका मुलाला बाजूला घेऊन विचारा, 'ही छत्री कागदाची केली तर?' 'चपलेला कड उंच केली तर?' 'पिशवीला भोकं पाडली तर कशाला चालेल?' एखादं मूल म्हणेल 'कांदे ठेवायला'. ते भांडी विसरून आकार आणि कामाचा विचार करतंय. दुसरं म्हणेल 'फाटकी पिशवी नको, आई रागवेल'. त्याला अजून वेळ हवा, आणखी पाणी, आणखी सांडणं. दोन्ही उत्तरं मुलाच्या नावानं चिठ्ठीवर लिहून ठेवा. जूनमध्ये मोठ्या शिशूत छत्री, इरलं आणि पन्हळ घ्यायचं असेल तेव्हा पहिल्या दिवशीची बैठक या चिठ्ठ्या वाचूनच सुरू करता येईल.